ओट्यावर मांडलेलं लेकरू

मिठसावळीच्या शुक्रवारच्या बाजारात शिरलं की एका अंगाला भाजीवाल्या बसतात, दुसऱ्या अंगाला कपडे आणि प्लास्टिकच्या बादल्या, आणि बरोबर मध्ये हा दगडी ओटा लागतो. बाजारातली ही सगळ्यात चांगली जागा. चारी बाजूंनी गिऱ्हाईक येतं आणि वर लिंबाची सावली आहे. तरी इथे कोणी दुकान मांडत नाही. मोबाइलची कव्हरं विकणारा तालुक्याचा एक जण एकदा येऊन बसला होता, त्याला भाजीवाल्यांनी उठवलं. उन्हाळ्यात ओट्यावर पांढरी खार फुटते. पुसली तरी पुन्हा येते.

गडावर जाणारे पाहुणे इथे थांबून विचारतात. सांगायचं काम माझा थोरला भाऊ तुळशीराम करायचा. तो चैत्रात गेला. आता लोक मला पुढे करतात. त्याच्यासारखं मला जमत नाही, आणि गोष्टीतलं सगळं मला कळलंय असंही नाही. त्याच्याकडून ऐकलं तसं सांगतो.

पूर्वी म्हणे इथे नाणं चालत नसे. भाजी द्यायची आणि तेल घ्यायचं, मडकं द्यायचं आणि जोंधळे घ्यायचे. पण बाजाराचे कायदे कडक होते. कापडावर मांडलं ते विकायलाच आणलं असं धरायचे. भाव सांगितला आणि गिऱ्हाइकानं कबूल केला की विकणाऱ्याला मागे फिरता येत नसे. मात्र माल उचलेपर्यंत तो कोणाचाच नाही. तोवर दुसरं गिऱ्हाईक येऊन भाव करू लागलं, तर त्याचं बोलणं संपेपर्यंत पहिल्यानं हात लावायचा नाही. आणि दिवस मावळला, गुरवानं ढोल वाजवला, की बाजार मोडला. उरलेला माल ज्याचा त्याच्या घरी.

ठकू नावाची एक बाई वाडीवरून दुधी भोपळे घेऊन यायची आणि या ओट्यावर बसायची. नवरा वारलेला, कडेवर एक तान्हं. मुलगा होता की मुलगी, यावर गावात आजही एकमत नाही. एका शुक्रवारी ऊन फार होतं. लेकरू झोपलं म्हणून तिनं ते कापडावर भोपळ्यांच्या मध्ये ठेवलं. यात तिचं काय चुकलं ते मला कळत नाही. झोपलेलं लेकरू माणूस ठेवणार कुठे?

घाट चढून मीठ आणणारा एक व्यापारी तिथे थांबला. एक भोपळा त्यानं हातात घेतला, परत ठेवला.

"आणि हे केवढ्याला?" त्यानं लेकराकडे बोट केलं.

ठकू हसली. "गोणीभर मीठ."

तेव्हा गोणीभर मीठ म्हणजे अख्ख्या आळीला वर्षभर पुरेल एवढं. असा भाव कोणी मनावर घेईल असं तिला वाटलं नाही. व्यापारी म्हणाला, "कबूल," आणि नदीकडे बैल आणायला चालू लागला.

बाजारही हसला. मग एका म्हाताऱ्याचं हसू थांबलं, मग शेजारच्याचं, आणि असं करत सगळा बाजार गप्प झाला. भाव सांगून झाला होता आणि कबूलही झाला होता. थट्टा केली होती, असं म्हणायला कायद्यात जागा नव्हती.

मी लहानपणी तुळशीरामला विचारायचो, सरळ 'नाही' का म्हणाले नाहीत? चार काठ्या नव्हत्या का गावात? तो म्हणायचा, "अरे, मग उद्यापासून जो तो थट्टा केली म्हणेल. बाजारच राहत नाही." मला ते पटलं नव्हतं. अजून पटत नाही. मी असतो तर काठी काढली असती.

ठकूचा थोरला भाऊ सटवा. भाव करण्यात तो असा चिवट की तो दिसला की बायका पाटीवर फडकं टाकायच्या. एका वांग्यासाठी दुपार घालवणारा माणूस. तो गर्दीतून आला आणि ओट्यासमोर उकिडवा बसला.

"काय गं बाई, हे केवढ्याला?"

"दादा, अरे..."

"दादा घरी. इथं मी गिऱ्हाईक. केवढ्याला?"

ठकू म्हणाली, "गोणीभर मीठ."

"गोणीभर? ह्याला? नाक तरी बघ. वरवंटा फिरवल्यागत बसलंय."

तेव्हा तिला उमगलं, असं सांगतात. ती डोळे पुसून म्हणाली, "नाक मामावर गेलंय. मामाला विचारा."

व्यापारी बैल घेऊन परत आला तेव्हा सटवा कानांपर्यंत पोचला होता. मध्ये बोलायचं नाही हा कायदा व्यापाऱ्यालाही होता. तो गोणी उतरवून मागे उभा राहिला. आणि मग बाजारातल्या बाया सटवाच्या पाठीशी गोळा झाल्या. गिऱ्हाइकाला सल्ला द्यायला बंदी नव्हती.

"घेऊ नका हो दादा, रात्रभर रडतंय. मी शेजारी राहते!"

"पाय फेंगडे आहेत."

"आज्यावर गेलं तर कामाला हात लावायचं नाही बघा!"

सटवा एकेक खोड ओढून ओढून सांगत होता आणि ठकू विकणारीनं द्यावं तसं एकेकाला उत्तर देत होती. स्वतःच्या लेकराची निंदा तिनं दिवसभर ऐकली. व्यापारी मात्र प्रत्येक खोडीनंतर हळूच म्हणायचा, "मला चालेल." नाक बसकं, मला चालेल. रडकं आहे, मला चालेल. त्याला मूल नव्हतं, म्हणे. मला त्या व्यापाऱ्याचा राग यायचा. आता राग येतो की काय येतं ते सांगता येत नाही.

सटवा उठला असता तर त्याचं बोलणं संपलं असतं. तो उठला नाही. घसा फाटला तरी बोलत राहिला. सूर्य डोंगराला टेकला आणि गुरवानं ढोल वाजवला. काही जण सांगतात, सूर्य अजून हातभर वर होता. बाजार मोडला. भोपळे आणि लेकरू, न विकलेला माल, ठकूनं उचलून घरी नेला. सटवाचा आवाज गेला तो पुन्हा आला नाही. व्यापाऱ्यानं गोणी ओट्यावर उलटी केली आणि निघून गेला. रागानं केली की लेकराला म्हणून दिली, कोणाला माहीत नाही. तीच ही खार.

तेव्हापासून इथे कोणाला मूल झालं की आई ते पहिल्या शुक्रवारी ओट्यावर आणून मांडते. सगळा बाजार भाव विचारतो, खोडी काढतो, कोणी घेत नाही. ढोल वाजला की लेकरू घरी.

तुळशीराम गेला तेव्हा मी चुलत्याबरोबर त्याच्यावर घालायचं कापड आणायला गेलो. दुकानदारानं मापून फाडलं, भाव सांगितला. मी तोंड उघडलं तर चुलत्यानं हात दाबला. म्हणाला, "ह्याचा भाव करत नसतात, बाळा." दुकानदारानं घडी घातली, दोरा बांधला. एवढ्या लवकर मी आयुष्यात काही विकत घेतलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी या ओट्यासमोर येऊन बसलो. ओट्यावर काही नव्हतं. मी म्हणालो, केवढ्याला? आणि मग बोलत सुटलो. घोरतो. माझे कपडे न विचारता घालतो. दुसऱ्याच्या भांडणात पडतो. लोक बघत होते. टोमॅटोवाली बायजाकाकू उठून आली. मला वाटलं, घरी जा म्हणेल.

ती म्हणाली, "आणि माझी पाटी उलथी केली होती मेल्यानं, ते सांग की."

मग बादल्यावाला म्हणाला, "पत्त्यात लबाडी करायचा." मग आणखी कोणी. ढोल वाजेपर्यंत चाललं होतं. ढोल वाजल्यावर जो तो आपला उरलेला माल उचलू लागला. मी काय उचलायचं ते मला कळेना. मी तसाच बसून राहिलो. बायजाकाकूनं तिच्या पाटीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही ती तिच्या घरापर्यंत नेली.

आजही इथे लेकराचा भाव होतो. ती बघा, हिरव्या लुगड्यातली बाई लेकरू घेऊन आली, कापड पसरतेय. पाहुण्यांनी इथे गप्प राहायचं नसतं. पुढे व्हा. भाव विचारा, आणि काहीतरी खोड काढा.