काळ्या कागदातले राजे

"महाराजांचं तोंड काळं केलं! तेही भर दरबारात!"

कारभारी अंताजीपंतांनी हातातलं चित्र उंच धरलं आणि दरबार हादरला. सोनवडच्या राजे हैबतरावांचं ते चित्र हुबेहूब होतं. नाक तेच, मिशी तीच, हनुवटीखालची वळीसुद्धा तीच. फक्त सगळं काळंकुट्ट.

चित्र कातरणारी गोजरा खाली मान घालून उभी होती. काळा कागद आणि कात्री घेऊन ती जत्रांतून हिंडायची आणि माणसाला एका बाजूने न्याहाळून त्याची सावलीच कातरून द्यायची. वीस वर्षांत तिने पाटील कातरले, पैलवान कातरले, एका सासूने तर सुनेचं नाक मुद्दाम मोठं कातरून घेतलं. तक्रार कुणाचीच नव्हती.

"सरकार, कागदच काळा हाय," ती म्हणाली. "पाटलाचंबी काळंच निघतं."

"मी पाटील आहे काय?" राजे कडाडले. "उद्या सकाळी चित्र पुन्हा कातरायचं. हाच कागद, हीच कात्री. रंग नाही, चुना नाही. आणि माझं तोंड सूर्यासारखं उजळ दिसलं पाहिजे!"

"आणि नाही दिसलं तर?" पंतांनी मोठ्या उत्साहाने विचारलं.

"तर हिचं तोंड काळं करून धिंड काढा. आणि कात्री जप्त!"

धिंडीचं गोजराला फारसं काही वाटलं नाही. गावोगाव हिंडायची तिला सवयच होती. पण कात्री बापाच्या हातची होती. ती गेली तर पोटाला काय घालायचं, या विचाराने तिला रडू आलं.

सकाळी दरबार भरला. पंत काजळाची डबी घेऊनच आले होते. गोजराने राजांना पूर्वेच्या खिडकीपाशी बसवलं. एरवी ती कागद कडेपासून कातरायची. आज तिने थेट मधोमध कात्री खुपसली. थोड्याच वेळात राजांचं काळं तोंड सुटून खाली पडलं.

"पुन्हा काळं!" पंत ओरडले.

"ते चित्र न्हवं, पंत. ते कात्रण."

"महाराजांच्या तोंडाला कात्रण म्हणतेस?"

गोजराने उरलेला कागद खिडकीत धरला. कागदाला राजांच्या तोंडाच्या आकाराचं भोक पडलं होतं, आणि त्यातून ऊन असं आत आलं की पुढच्या रांगेतल्या सरदारांनी डोळे मिटले. नाक तेच, मिशी तीच, आणि सगळं लखलखीत!

"काळं तेवढं काढून टाकलं, सरकार."

राजे बघतच राहिले. पंत मात्र हटेनात.

"ढग आले तर?"

"तर तेवढा येळ महाराज रागावलेत असं समजायचं."

"आणि रात्री?"

"रात्री महाराज झोपत्यात. उठवायला तुमी जाता का?"

राजे असे हसले की मंदील डोळ्यांवर आला. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं, मंदील सारखा केला आणि म्हणाले,

"आता पंतांचं चित्र काढ. पण कडेपासून कातर. त्यांचं तोंड काळंच राहू दे!"