म्हातारीच्या हातचा कषायरस

पोटातले जीवजंतू बोलत असत, त्या काळची गोष्ट. शरीराचे रक्षण करण्यास निघालेला हिरव्या चहाचा कषायरस, म्हणजे त्यातला तुरट अंश, आपल्या उच्च कुळाचा ताठा मिरवीत आतड्यात उतरला; परंतु त्याचा देह फार मोठा असल्यामुळे आतड्याच्या भिंतीने त्याला रक्तात शिरू दिले नाही.

"तुमचे सांधे सोडवते. लहान झालात की आत जाल," एक जीवाणू म्हातारी म्हणाली.

"मळात राहणारी तू मला शिवणार?"

"नाहीतर मळाबरोबरच बाहेर पडाल, महाराज! कालपासून आमच्या सात पिढ्यांनी हीच कारागिरी केली आहे."

कषायरस तिच्यापुढे बसला. तिने त्याचा एकेक सांधा अलगद सोडविला आणि त्याला भिंतीपाशी नेले.

"कोण आहे?" भिंतीने दरडावले.

"आमच्या हातचा आहे," म्हातारी म्हणाली.

भिंतीने तत्काळ वाट दिली.