मायाप्पाचं पित्ताशय

"कापू का, बाई?"

उन्मेषनं विचारलं खरं, पण पडद्यावरची नजर हलवली नाही. डॉक्टर उन्मेष वाळिंब्यांनी हा प्रश्न गेल्या बारा वर्षांत कुणाला विचारला नव्हता. आज विचारावा लागला, याचाच त्याला राग आला होता.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बाई बसल्या होत्या.

बाई म्हणजे डॉक्टर इंदुमती शिरगावकर. वय चौऱ्याहत्तर. सांगली-मिरजेकडचे निम्मे सर्जन त्यांच्या हाताखाली बोलणी खात शिकलेले. हात थरथरायला लागला तसा त्यांनी चाकू खाली ठेवला. जीभ मात्र चालू ठेवली. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनला त्या 'उंटावरून शेळ्या हाकणं' म्हणायच्या, आणि तेही उन्मेषच्या तोंडावर.

ते ऐकून ऐकून कान किटले म्हणून तर उन्मेषनं आज त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. नवा कॅमेरा दाखवायला.

शिरेतून एक हिरवं औषध द्यायचं. ते यकृतातून पित्तात उतरतं. मग कॅमेऱ्याचा खास दिवा लावला की पित्ताच्या नळ्या पडद्यावर हिरव्या चमकायला लागतात. उन्मेषचा शोधनिबंध त्यावरच होता. चार-चार बारीक छिद्रांतून काढलेली तीनशे अकरा पित्ताशयं. पोट उघडावं लागलं : शून्य. पुढच्या महिन्यात हैदराबादच्या परिषदेत तो निबंध वाचायचा होता, आणि त्या शून्यावर उन्मेषचा फार जीव होता.

मायाप्पा कोळेकर तीनशे बारावा.

हळदीच्या बाजारातला हमाल. पोटात दुखतंय म्हणून सहा महिने ओवा चावून काढलेले. तोवर पित्ताची पिशवी सुजून सुजून शेजारच्या सगळ्याला चिकटून बसली होती. आता पडद्यावर तिची कड कुठली आणि यकृताची कुठली, हेच कळेना.

आणि त्या गिचमिडीतून एक नळी वर आली होती.

ती पिशवीची नळी असेल तर कापायची आणि मोकळं व्हायचं. पण यकृताकडून आतड्याकडे जाणारी मोठी नळी असेल, तर कापली की माणूस आयुष्यातून उठला. उन्मेषनं असा एक रुग्ण पाहिला होता. दुसऱ्या कुणाच्या हातून झालेला. पिवळे डोळे घेऊन तो वर्षभर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हिंडला होता.

"कापू का?" उन्मेषनं परत विचारलं.

"कुठली नळी आहे?"

"पिशवीची."

"नक्की?"

"हिरवी दिसतेय की, बाई."

"हिरवं तर सगळंच दिसतंय."

खरंच होतं ते. सुजेच्या जाड थराआडून प्रकाश येत होता, आणि पडदाभर नुसता शेवाळासारखा हिरवा पसरला होता. उन्मेषनं दिवा कमी केला. वाढवला. पुन्हा कमी केला.

भूल देणारे मुजावर डॉक्टर डोकं वर न करता म्हणाले, "सव्वा तास झाला, वाळिंबे."

उन्मेषनं कॅमेरा आणखी जवळ नेला.

पिशवीचीच आहे, तो मनाशी म्हणाला. तीनशे अकरा वेळा तीच होती.

"हत्यारं बाहेर काढ," बाई म्हणाल्या.

"काय?"

"बाहेर काढ. आणि पडदा बंद कर."

"बाई, पेशंट टेबलावर आहे!"

"दिसतोय मला. तो कुठं पळून जात नाही."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर उन्मेषनं त्याला थिएटरबाहेर काढलं असतं. पण वयाच्या चोविसाव्या वर्षी ज्यांच्यापुढे पाय लटपटले, त्यांच्यापुढे ते एकेचाळिसाव्यालाही लटपटतात. त्यानं हत्यारं बाहेर काढली. सिस्टरनी बटण दाबलं. हिरवा पडदा काळा झाला.

"वायदंडे सिस्टर, याला ग्लोव्हजचा आतला कागद द्या. आणि खुणेचं पेन."

वायदंडे सिस्टरनी निर्जंतुक कागद ट्रॉलीवर पसरला. त्यांनाही बाईंची ही जुनी खोड माहीत होती. त्या काळी दर ऑपरेशननंतर बाई पोरांकडून त्याच कागदावर चित्र काढून घ्यायच्या. ज्याला काढता आलं नाही, त्यानं पुढचा आठवडा नुसते टाके काढत बसायचं.

"काढ."

उन्मेषनं काढलं. त्याचा हात पहिल्यापासून चांगला. यकृताची कड, तिच्याखाली पिशवी, पिशवीची बारीक नळी, ती जाऊन मिळते ती मोठी नळी, वरून येणारी धमनी. वीस सेकंदांत सगळं झालं.

बाई उठल्या. हात पाठीमागे बांधून, कशाला स्पर्श न करता त्यांनी वाकून पाहिलं.

"सुरेख. परिषदेत लाव."

उन्मेषला बरं वाटलं. हुश्श करून त्यानं पेन खाली ठेवायला घेतलं.

"हे पुस्तकातलं झालं," बाई म्हणाल्या. "आता मायाप्पाचं काढ."

...

उन्मेषनं पेन कागदावर टेकवलं. यकृताची कड काढावी म्हटलं, तर कड पाहिलीच नव्हती. मग पिशवी तरी? पिशवीचं तोंड कुठं होतं?... नळी होती. ती वर येत होती. पण कुठून येत होती? आणि जात कुठं होती?

पेन टेकवलं होतं तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला.

सव्वा तास तो त्या पडद्याकडे टक लावून बसला होता. एवढ्या वेळात त्यानं काय पाहिलं होतं?

"बाई... तुम्हीच सांगा ना. तुम्हाला काय दिसलं?"

"मला मोतीबिंदू आहे."

मुजावरांच्या यंत्राची टिकटिक चालू होती. टेबलावर मायाप्पाचं पोट वरखाली होत होतं. सकाळी याच पोटावर हात ठेवून उन्मेष म्हणाला होता, "चार भोकं फक्त. दहा दिवसांत बाजारात." मायाप्पानं हात जोडले होते.

मोठा छेद घेतला, तर तीन महिने तरी पोतं नाही.

उन्मेषला ते शून्य आठवलं, आणि अशा वेळी शून्य आठवतं याची लाज वाटली. मग ते पिवळे डोळे आठवले.

"सिस्टर," तो म्हणाला. "ओपनचा ट्रे घ्या."

बाई पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या.

बरगडीखाली वीतभर छेद. मग बोटं आत गेली. चिकटलेलं एकेक सोडवत, पुसत, थांबत तासाभरानं सगळं उघड्या डोळ्यांना दिसायला लागलं. यकृताची कड, पिशवी, मोठी नळी. मोठी नळी चांगली बोटभर पलीकडे, धडधाकट होती.

आणि ती मघाची नळी पिशवीचीच होती.

उन्मेषनं पुन्हा पाहिलं. बोट फिरवून खात्री केली. शंकाच नव्हती. त्यानं ती बांधली, कापली, पिशवी बाहेर काढली, टाके घातले.

स्ट्रेचर बाहेर आलं तशी मायाप्पाची बायको लगमव्वा पुढं धावली. नवऱ्याच्या पोटावरची लांबलचक पट्टी पाहून ती जागीच थबकली.

"डाक्टर, चार भोकं म्हणला हुतासा न्हवं?"

"हो. पण उघडावं लागलं."

"का वो?"

"आतलं नीट दिसत नव्हतं."

"यंत्र नवं हाय म्हणत हुतासा की."



"जिवाला धोका न्हाई न्हवं?"

"नाही. जीव चांगला आहे."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग हळूच विचारलं, "पोतं कवा उचलायचं ह्येनी?"

"तीन महिने तरी नाही."

"म्हंजी हळदीचा हंगाम गेला म्हणायचा."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. स्ट्रेचरच्या कडेला हात लावून ती वॉर्डाकडे चालायला लागली.

उन्मेष तडक डॉक्टरांच्या खोलीत गेला. बाई बशीत चहा ओतत होत्या. हात थरथरत असल्यामुळे त्यांना बशीच सोयीची पडायची.

"तीच नळी होती, बाई."

"पाहिलं मी."

"मी म्हणत होतो तीच! तेव्हाच कापली असती, तर बिनबोभाट झालं असतं सगळं."

"झालं असतं."

"दहा दिवसांत तो कामावर गेला असता."

"गेला असता."

"त्याची बायको आत्ता माझ्याकडे कशी बघत होती, माहितेय तुम्हाला?"

बाईंनी चहाचा घोट घेतला.

"आणि माझा निबंध... तीनशे बारा, एकही न उघडता. तोही टिकला असता."

"तोही टिकला असता."

आपण भांडायला आलो आहोत की रडायला, हे उन्मेषलाच कळेना. एकेचाळीस वर्षांचा माणूस दारात उभा राहून शाळकरी पोरासारखा म्हणाला,

"म्हणजे मी बरोबरच होतो ना, बाई?"

बाईंनी बशी खाली ठेवली. त्याच्याकडे पाहिलं.

"होतास," त्या म्हणाल्या. "पण ते तुला कळलं कधी?"