वेगळ्या विणीची पट्टी

"पण बुवा, माझं गणित आणि मशीन, दोघांचं उत्तर तंतोतंत जुळतंय. मग अहवालावरची सही अडलीय कुठं?"

शशांक बोंद्रेनं हे विचारलं तेही खुर्चीत ऐसपैस रेलून. टिळवेबुवांसमोर असं रेलायची कुणाची छाती नव्हती. टेकडीवरच्या प्रयोगशाळेतले हे जुने प्राध्यापक. ते पुलावरून गेले की पूल म्हणे पाठ ताठ करतो. यातलं निम्मं तरी खरं असावं.

शशांकचं काम भारी होतं. कार्बनच्या धाग्यांचं विणलेलं कापड रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून पट्टी करायची, आणि ती भाराखाली किती वाकेल ते मशीनवर वाकवून पाहण्याच्या आधीच सांगायचं. त्याच पट्टीचं कृत्रिम पाऊल आज शेवंताबाईंना बसवायचं होतं. जास्त लवलं, तर बाई तोंडावर पडणार.

बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"विणीत धागा वरखाली जातो. त्याची लाट केवढी?" बुवांनी विचारलं.

"हवी तेवढीच."

"मोजलीस?"

"…धरली."

"पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलीस?"

"गरजच काय, बुवा? उत्तर जुळलं की!"

बुवांनी खणातून दुसरीच एक पट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"ही वेगळ्या विणीची. अजून मशीनवर चढलेली नाही. किती वाकेल?"

शशांकनं ती उजेडात धरली, टिचकी मारली.

"त्यात काय! एकदा मशीनवर वाकवून घेऊ, की लगेच सांगतो."

…

वाक्य सुटलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मशीनचा आकडा समोर ठेवून तो ती लाट कमीजास्त करत बसला होता, गणिताचं उत्तर जुळेपर्यंत. आणि अहवालावर ठळक अक्षरांत छापलं होतं: भाकीत.

बुवा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं दार उघडलं.

"या शेवंताबाई. पाऊल केलं तो हा."

कुबडी टेकत बाई आत आल्या. "ह्योच व्हय? लई कवळं पोरगं हाय की!" मग हात जोडून म्हणाल्या, "दादा, डोक्यावर भाजीची पाटी आसती माज्या. पेलंल न्हवं? तुमी गणित मांडलंय म्हनं."

शशांकनं बुवांकडं पाहिलं. बुवा खिडकीबाहेर पाहत होते.

एक 'हो' म्हटलं की सुटला असता. बाईंना लाट कुठं दिसणार होती?

"माहीत नाही, मावशी." शशांक म्हणाला. "आज घालू नका. मी… मी नीट पाहिलंच नाही."

"आत्ता गं बया! मग मगाशी येवढं हासत काय गेलावता आत?"

बुवांनी सही न करताच पेनाला टोपण लावलं.

"हे मात्र तू आधी सांगितलंस."