अकरा मानकऱ्यांचे झाकण

तळसरीच्या तुळाजीराव महाराजांची शर्यतीची मोटार तेल गाळत होती आणि दसरा चार दिवसांवर आला होता. दसऱ्याला शेजारच्या संस्थानिकाशी शर्यत ठरलेली.

खोट एका झाकणाची होती. वेग वाढावा म्हणून महाराजांनी इंजिनात नवे, जास्त उचल देणारे कॅमशाफ्ट बसवून घेतले. त्यामुळे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या पूर्वीपेक्षा उंच उडू लागल्या आणि वरच्या जुन्या झाकणावर आपटू लागल्या. मग उंच झाकणाचा शोध सुरू झाला. मुंबईहून आले, त्याची भोके जुळेनात. कलकत्त्याहून आले, त्याची भोके जुळली, पण आतून टक् टक् ऐकू येई, जणू कुणाला कोंडून ठेवले आहे. तिसरे विलायतेहून आले. पातळ पत्र्याचे, चकचकीत, चांगले उंच, सहाही भोके जागच्या जागी. ते बसवले आणि तासाभरात कडेने तेल ओघळू लागले.

महाराजांनी मोटारखान्याच्या धोंडू तांबटाला उभे केले.

"झाकण विलायती आहे. ते चुकायचं नाही. चुकले असतील तर तुझे हात," महाराज म्हणाले. "खंडेनवमीच्या पूजेला मोटारीखाली माझा पांढरा शेला अंथरीन. इंजिन अर्धा तास चालेल. एक थेंब पडला, तर मोटारखाना सोडायचा. आणि हे बघ, झाकणाला कानस लावायची नाही, लाख-डांबर फासायचं नाही, मानाचा फेरही चुकवायचा नाही."

धोंडू घरी आला तो मान खाली घालूनच. बायको गेल्यापासून घरात तो आणि मुलगी सगुणा, दोघेच. सगुणेने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बाबा, तुम्ही झाकण बसवलंत तेव्हाच गळत होतं का?"

"छे. खाली बुचाची पट्टी घातली, बेताने आवळलं, चालवून पाहिलं. ठणठणीत कोरडं. मग मानकरी आले."

तळसरीची रीतच तशी होती. महाराजांच्या मोटारीला नवा भाग बसला, की अकरा मानकऱ्यांनी हातभर लांबीचा लोखंडी पाना घेऊन प्रत्येक बोल्टाला आपापला फेर द्यायचा. दिवाणांपेक्षा फडणिसांचा फेर कमी पडता कामा नये, फडणिसांपेक्षा राजवैद्यांचा. सरतेशेवटी सरदार हंबीरराव. ते तर तालमीतले.

"मग सांगा की त्यांना, हळू आवळा म्हणून."

"हंबीररावांना सांगू, जोर कमी लावा? मोटारखाना जाईल तो जाईलच, वर तळसरीही सोडावी लागेल."

सगुणा हसली. "त्यांना काही सांगू नका. झाकण घेऊन या."

तिने आरशाच्या सपाट काचेवर तेलात कालवलेला शेंदूर पातळ पसरला आणि झाकण त्यावर टेकवले. उचलून उलटे केले, तर शेंदूर फक्त सहा भोकांभोवती लागलेला. मधली कड कोरीच! आवळून आवळून पत्रा भोकांपाशी खचला होता, मध्ये उचलला होता.

"हे तर आपलंच काम," धोंडू म्हणाला. तांबटाचाच हात तो. लाकडी मोगरीने टिचक्या माराव्यात तसे ठोकत त्याने कड सपाट केली. पुन्हा काचेवर टेकवली, तेव्हा शेंदूर सगळीकडे सारखा उमटला.

"पण नवमीला पुन्हा खचेल, त्याचं काय?"

सगुणेने फडताळातून आईच्या चांदीच्या तोड्यांची जोडी काढली. बराच वेळ हातात धरून बसली. मग एक तोडा परत ठेवला आणि दुसरा वितळवायला मुशीत टाकला.

खंडेनवमीला पूजा झाली. धोंडूने झाकण बसवले. मानकरी बाह्या सरसावून उभे राहिले, आणि सगुणेने तबक पुढे केले. तबकात करंगळीएवढा चांदीचा पाना.

"हे काय?" हंबीरराव गुरगुरले. "दातकोरणं?"

"मानाचा पाना आहे, सरदार."

"यावर दोन बोटं मावत नाहीत, जोर काय कपाळ लावणार?"

महाराजांची भुवई चढली. "पोरी, माझ्या मानकऱ्यांची थट्टा करतेस?"

"नाही महाराज. एक विचारू? आपण हुकूम कसा सोडता? ओरडून?"

"ओरडायचं कशाला? नुसतं बघितलं तरी दहा माणसं पळतात."

"मग जोर कुणी लावायचा?"

"पळणाऱ्यांनी."

"मीही तेच म्हणते. लोखंडी पाना हमालाने धरावा. मानकऱ्यांचं नुसतं बोट लागलं तरी पुरे."

दिवाणांनी घसा खाकरला आणि चिमटीत पाना धरून नाजूक फेर दिला. मग फडणीस त्याहून नाजूक. हंबीररावांची पाळी येईपर्यंत चढाओढ अशी लागली होती, की त्यांनी करंगळी वर करून, अत्तराची कुपी उघडावी तसा पाना फिरवला.

शेला अंथरला. इंजिन धडधडू लागले. धोंडूच्या ओठांवर देवाचे नाव. अर्धा तास झाला, इंजिन बंद केले. महाराज स्वतः गुडघ्यावर बसले, झाकणाच्या कडेवरून बोट फिरवले, शेला उचलून उजेडात धरला. पांढराशुभ्र.

"झाकण तेच, इंजिन तेच," ते म्हणाले. "मग इतके दिवस तेल का गळत होतं?"

अकरा मानकऱ्यांनी आपापले जोडे निरखायला सुरुवात केली.

"निष्ठेमुळे, महाराज," सगुणा म्हणाली. "अकरा जणांची निष्ठा सहा बोल्टांत मावेना. ती कडेने बाहेर येत होती."

मग महाराज हसू लागले, ते इतके की मोटारीचा आधार घ्यावा लागला. पाहता पाहता हंबीररावही हसले.

"धोंडू, मोटारखाना तुझा. आणि पोरी, तू काय घेशील? माग."

"चांदीचा एक तोडा, महाराज."

"एकच?"

"दुसरा घरी आहे. त्याच्या जोडीचा या पान्यात गेला."

महाराजांनी तबकातला पाना उचलला, तळहातावर तोलून पाहिला आणि हसू आवरून खजिनदारांना म्हणाले, "सोनाराला हिच्या घरी धाडा. घरातला तोडा समोर ठेवून, त्याच्यासारखाच घडवू दे. आणि काम होईपर्यंत, खजिनदार, सोनारावर जोर लावू नका."