वारा गाव सोडून गेला

दिवस उगवायला बरोबर एक घटका उरली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. कोणत्या साली ते विचारू नका. फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा वारा माणसांशी बोलत असे.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. साऱ्या गावाचा विस्तव एकच. तो पारापाशी एका दगडी खळग्यात असायचा. रात्री त्यावर राख ओढून ठेवायची, पहाटे उकरायचा. मग घरोघरच्या बाया खापर घेऊन येत, निखारा नेत आणि चूल पेटवत. विस्तव राखायची पाळी घराघरावर फिरे.

त्या दिवशी पाळी गिरजाची होती. तिचं बाळ अगदी तान्हं. पाराच्या झाडाला झोळी बांधून ती त्याला थोपटत होती. ते काही केल्या राहीना. निखाऱ्यांवर राख ओढायची राहिली आणि बसल्या जागीच तिचा डोळा लागला. अंगावर पाजणाऱ्या बाईला झोप कशी गाठते, हे आयांना सांगायला नको.

जाग आली तेव्हा खळग्यात नुसते थंड कोळसे. बाया येताना दिसत होत्या. सासू सगळ्यांच्या पुढं.

"विस्तव कुठाय गं?" सासूनं विचारलं.

गिरजाच्या तोंडून निघून गेलं, "वाऱ्यानं विझवला."

वारा तिथंच होता, बाळाची झोळी हलवत. त्याचा हात थांबला.

गडी माणसं डोंगरापलीकडच्या गावातून विस्तव घेऊन आली. झालं, मिटलं, असं गिरजाला वाटलं.

पण तिचं ते बोलणं गावाला फार आवडलं. कुणाचा घडा फुटला, की वाऱ्यानं पाडला. भाकरी करपली, की वाऱ्यानं जाळ वाढवला. एका म्हाताऱ्याच्या कुंपणावरचा भोपळा गेला, तोही म्हणे वाऱ्यानं नेला.

"एवढा मोठा भोपळा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"वाराच मोठा होता, आजोबा," शेजारीण म्हणाली.

मग एके दिवशी वारा गाव सोडून गेला.

चुलींचा धूर घरांवर खांबासारखा सरळ उभा राहिला. रुईच्या बोंडातली म्हातारी उडाली आणि अंगणात हवेतच थांबली, पुढं जाईना की खाली पडेना. पानं चितारल्यासारखी गप्प. सगळं गाव जणू कुणाच्या तरी स्वप्नात अडकलं होतं. बाळाची झोळी आपसूक हलायची थांबली आणि त्याची झोप उडाली.

खळ्यावर मळलेली ज्वारी पडली होती. सुपातून धार सोडली की दाणा आणि भूस एकाच ढिगात पडे. रोज दव पडत होतं. खालची ज्वारी काळी पडायला लागली. ती गेली तर वर्षभर पोरं खाणार काय?

गावातली सगळ्यांत वयस्क आजी म्हणाली, "वारा रुसलाय. ज्यानं पहिला आळ घेतला, त्यानंच जायला हवं."

सगळे एकमेकांकडं बघू लागले. गिरजा जमिनीकडं बघत राहिली.

दुपारी बाळाला पाठीशी बांधून ती डोंगर चढली. वर एका खोबणीत वारा अंग चोरून पडला होता, थकलेल्या जनावरासारखा.

गिरजानं कपाळ बडवून घेतलं. "मी मेली करंटी. माझ्यासारखी वाईट बाई जगात नाही. माझं तोंडही बघू नकोस."

वाऱ्यानं कूस बदलली. "हे सगळं कुणाबद्दल बोलतेस?"

"माझ्याबद्दल."

"तेच म्हणतो मी. यात विस्तव कुठाय? आणि मी कुठाय?"

पाठीवरचं बाळ हात लांबवून वाऱ्याला धरू बघत होतं. मग गिरजा हळूहळू म्हणाली, "मला झोप लागली. मी राख ओढली नाही. विस्तव माझ्या हातून विझला, आणि मी तुझं नाव सांगितलं."

वारा उठून बसला. "आता हेच खाली जाऊन सांग. माझं नाव तिथं घेतलंस, इथं नाही."

"सासूबाई काय म्हणतील?"

"ते मला काय ठाऊक? मी वारा आहे, ज्योतिषी नाही."

खळ्यावर सगळं गाव बसलं होतं. गिरजानं तेच शब्द जसेच्या तसे सांगितले. ना रडली, ना कपाळ बडवलं.

ढिगावरचं एक फोलकट जरासं उचललं गेलं.

"माझ्याकडं पोर दिलं असतंस तर..." सासू म्हणाली आणि मध्येच थांबली. "नाही. ते रडताना मी ऐकत होते आणि कूस बदलून झोपले. माझंही चुकलं."

अंगणात थांबलेली रुईची म्हातारी हलली.

मग शेजारीण पुढं आली. "आजोबा, भोपळा मी नेला."

"ठाऊक होतं," म्हातारा म्हणाला. "भाजीचा वास आला होता."

लोक हसले, आणि त्या हसण्यातच वारा गावात शिरला. गिरजानं सूप उंच धरलं. दाणे पायाशी पडले, भूस सोन्यासारखं लांब उडत गेलं. सासूनं बाळाला झोळीत घातलं. झोळी हलू लागली आणि बाळ झोपलं.

चुकल्यावर स्वतःला शिव्या देऊ नयेत आणि दुसऱ्याचं नावही घेऊ नये. काय चुकलं तेवढं सरळ सांगावं.

ऐकलंत ना? मग जाता जाता आणखी एकाच्या कानावर घाला.