समोरचा ओटा

“मग बुवा, वरची खोली मला मिळेल की नाही?”

नक्की याच शब्दांत विचारलं होतं का, याची आज खात्री नाही. चाळीस वर्षं झाली. आणि स्वतःला शोभेल असंच आठवायची मला खोड आहे. खिशात प्राध्यापकीचा राजीनामा होता, एवढं पक्कं. लिहायला घेतलेला ग्रंथ सहा वर्षं अडला होता. एकान्त मिळाला की राजीनामा पाठवायचा, असं ठरवून आलो होतो; बुवांनाही तसं सांगितलं होतं.

डोंगराच्या पायथ्याशी मठात बसलेले दत्तोबाबुवा थकलेले होते. सकाळपासून गावाची गाऱ्हाणी ऐकत होते. गोजराबाई तर सुनेचं तेच तेच तिसऱ्यांदा सांगून नुकती उठली होती.

“या बडबडीत तुम्ही विचार कसा करता?”

“मी कुठं करतो? ही माणसं करून घेतात.”

“मला माणसं नकोत, बुवा.”

“बरं… नऊ दिवस राहून बघा, मास्तर. मग टाका तो कागद टपालाच्या पेटीत.”

डोंगरात कोरलेली ती खोली जेमतेम सहा पावलांची. दोन दगडी ओटे, समोरासमोर. एकावर निजलो. दुसऱ्यावर पुस्तकं मांडली.

दहाव्या दिवशी उतरलो. बुवा शेंगा सोलत बसले होते.

“लिहिलंत?”

“नाही.”

“मग केलंत काय?”

“…तुमच्याशी भांडत होतो. मनातल्या मनात.”

“कोण जिंकलं?”

“मी.”

“अरेच्चा! मी हरलो आणि मलाच पत्ता नाही?”

त्यांनी शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली.

“सोला. आणि पहिल्यापासून सांगा.”

सांगू लागलो. तिसऱ्याच वाक्याला त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, आणि नऊ दिवस रचलेलं सगळं ढासळलं.

“वर तुम्ही असं विचारलं नव्हतं!” मी चिडून म्हणालो.

“वर मी नव्हतो.”

मी पुढची शेंग उचलली, तसं बुवांनी विचारलं,

“समोरच्या ओट्यावर कोण होतं?”

“कोणी नाही. पुस्तकं.”

बुवांनी डोळे मिटले. “उचला ती. जागा अडलीय.”

अकरा वर्षांनी, कॉलेजच्या सुट्टीत, मी मोजपट्टी घेऊन पुन्हा वर त्या खोलीत गेलो. दोन्ही ओटे माणसं बसून बसून मधोमध सारखेच झिजलेले होते. बोटभर.